टक्क्यांचा रकाना खोडून टाक

अर्बाना, इलिनॉय

ती. दादा व सौ. वहिनी यांस,
शि. सा. न. वि. वि.

मनूच्या कॉलेजांची यादी पोचली. जिथे प्रवेश कमीत कमी जणांना मिळतो ते कॉलेज वर, अशी उतरंड तू लावली आहेस. दादा, कट-ऑफ बघत वाढलेल्या माणसाचंच हे काम! पण सीईटीचा कट-ऑफ आणि इथला ॲक्सेप्टन्स रेट (शंभर अर्जांतले किती घेतले तो टक्का) यांची जात वेगळी. 'कॉमन ॲप' या सामायिक ऑनलाइन अर्जावरून एकच पोर वीस कॉलेजांना अर्ज करू शकतं आणि वीसही ठिकाणी मोजलं जातं. शिवाय बरीच खाजगी कॉलेजं 'घेतलंत तर येतोच' अशी बोली करणाऱ्यांना आधी घेऊन जागा भरतात, उरलेल्या गर्दीला नकार कळवतात. टक्का घसरतो, शिकवणं होतं तसंच राहतं. कॉलेजांची क्रमवारी छापणाऱ्या 'यूएस न्यूज'नेसुद्धा 2018 मध्ये हा आकडा क्रमवारीच्या हिशेबातून काढला.

क्रमवारीचंही फार मनावर घेऊ नकोस. 2022 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्याच एका गणिताच्या प्राध्यापकाने, मायकेल थॅडियस यांनी, विद्यापीठाचे आकडे तपासले. वीसपेक्षा कमी मुलांचे वर्ग 82.5 टक्के, असा दावा होता. पुढे विद्यापीठाने स्वतः छापलेल्या तक्त्यात ते 57 टक्क्यांच्या आसपास निघाले. 'यूएस न्यूज'मधला दुसरा नंबर थेट अठरावा झाला.

वर्गात डोकी किती, हे 'कॉमन डेटा सेट' नावाच्या फुकट तक्त्यात 'आय' विभागात असतं. सहा वर्षांत पदवी घेऊन किती जण बाहेर पडले, ते 'बी' विभागात. मनूला एवढं बघू दे. मग दुसऱ्या वर्षाच्या लिनियर अल्जिब्राचे गृहपाठ शोधू दे. कुठे नुसती आकडेमोड असते, कुठे सिद्धता लिहून घेतात. तीनशेंच्या लेक्चरनंतर शंका कोणाला विचारायची, तेही बघावं. (टीए, म्हणजे शिकवायला मदत करणारे वरचे विद्यार्थी, दुय्यम असं नाही हं, कित्येकदा तेच जीव तोडून शिकवतात.)

आमचं इलिनॉय विद्यापीठ तू तळाला टाकलंस, कारण इथे वर्षानुवर्षं दहातल्या चारांहून जास्त जणांना घेतलं. फिजिक्सचं नोबेल दोनदा मिळवणारे जॉन बार्डीन इथलेच, पण ते काही मनूला शिकवायला येणार नाहीत. म्हणून आमच्याही कोर्सना तीच कसोटी लावा.

तिने तीन कॉलेजांचे गृहपाठ काढून ठेवले की मला मेसेज करायला सांग. रविवारी तुमच्या रात्री फोनवर बसू.

तुझा,
सुधीर