डिझेल वाढवण्याआधी हवा तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंब्याचा हंगाम तोंडावर आला की चिपळूण-गुहागर पट्ट्यातल्या पिकअप कुंभार्ली घाट चढून कराड, कोल्हापूरच्या बाजारांकडे धावू लागतात, आणि त्याच सुमारास आमच्या डिझेल पंप-नोझलच्या (इंजिनात डिझेल दाबाने सोडणारा पंप आणि ते फवारणाऱ्या तोट्या) वर्कशॉपमध्ये "गाडी घाटात ओढत नाही, जरा डिझेल वाढवून द्या" हे वाक्य दिवसातून दोन-तीनदा कानी पडते. गेली पंचवीसेक वर्षे मी हेच काम करत असल्याने या मागणीतली निकड मला कळते. परंतु हमरस्त्यावर दहा मिनिटांत डिझेल वाढवून देण्याची जी पद्धत बोकाळली आहे, तिच्यापायी चांगली इंजिने बाद होत आहेत, म्हणून हे पत्र.

मेकॅनिकल रोटरी पंपाच्या जुन्या गाड्यांत पंपाच्या मागच्या बाजूस लॉकनटाखाली एक स्क्रू असतो. तो थोडा आत घेतला की दर फवाऱ्याला जास्त डिझेल जाते आणि गाडी लगेच उचलल्यासारखी वाटते, यात खोटे काही नाही. मात्र एक किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते, आणि सिलिंडरमध्ये हवा व डिझेल पुरते मिसळायला सवडच मिळत नसल्याने प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त हवा हाताशी असावी लागते. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवले की वरचे डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडते आणि एक्झॉस्टचे तापमान चढत जाते. सपाट रस्त्यावर ओव्हरटेक करताना हा ताण काही सेकंदांचा असतो; घाटात तोच ताण दुसऱ्या गिअरवर पंधरा-वीस मिनिटे अखंड राहतो. डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचे तापमान दाखवतो, पिस्टनच्या माथ्याचे नव्हे, त्यामुळे चालकाला कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

दोन हंगामांपूर्वीची एक गाडी सांगतो. चालकाने महिनाभर आधी कुठेतरी स्क्रू फिरवून घेतला होता. आमच्याकडे आली ती टोचन करून, तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनला बोट जाईल एवढे भोक पडलेल्या अवस्थेत. पंपाच्या स्क्रूला कुणी हात लावू नये म्हणून असलेले सील तुटलेले होते. इंजिन खोलताना टर्बोकडून (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांत हवा वाटणाऱ्या नळीला, जाणाऱ्या रबरी पाइपाच्या सांध्याशी तेलकट काळा ओघळ दिसला, आणि पाइप वाकवल्यावर क्लिपच्या आत लपलेली चीर उघडी पडली. अशा पंपावर एक डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदा, असतो. टर्बोचा दाब चढेल त्या प्रमाणातच तो डिझेल वाढू देतो. पाइप फुटल्याने दाब कमी पडत होता, म्हणून पंप शहाणपणाने डिझेल आखडत होता आणि गाडी ओढत नव्हती. मिस्त्रीने हवेची गळती तशीच ठेवून त्या शहाणपणालाच बगल दिली. पाइप आणि दोन क्लिपा हजार रुपयांच्या आत आल्या असत्या. त्याऐवजी मालकाचा अर्धा हंगाम गेला.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी एअर फिल्टर, टर्बोचे पाइप आणि डिझेल फिल्टर पाहायचे. चारही चाके उचलून हाताने फिरवायची, कारण धरून राहिलेला ब्रेक किंवा घसरणारी क्लच प्लेट यांचा दोष पुष्कळदा पंपाच्या माथी मारला जातो. मग नोझल टेस्टरवर लावायचे. ते ठरलेल्या दाबाला उघडले पाहिजे आणि फवारा धुक्यासारखा पडला पाहिजे. पिचकारीसारखी धार येत असेल किंवा टोकाशी थेंब लोंबत असेल, तर असे नोझल वाढीव डिझेल नसतानाही पिस्टन जाळू शकते. (त्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये, डिझेल कातडी भेदून आत शिरते.) माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांची तक्रार एवढ्यावरच मिटते. त्यानंतरही डिझेल वाढवायचेच असेल, तर पंप उतरवून कॅलिब्रेशन बेंचवर (पंपाचे माप तपासण्याचे यंत्र) चारही लाइनींचे माप बरोबर करून, थोडेच वाढवावे, आणि एक्झॉस्टमध्ये टर्बोच्या आधी तापमापक बसवून भरल्या गाडीने घाट चढून पाहावा. काटा ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास रेंगाळू लागला की स्क्रू मागे घ्यावा. त्याच्या जोडीला टायमिंगही (डिझेल फवारण्याची वेळ) पुढे घेण्याचा मोह काहींना होतो; त्याचा भार हेड गॅस्केटवर पडतो.

कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच सामायिक नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या गाड्यांची गोष्ट निराळी आहे. तिथे दाब हजार बारच्या पुढे जातो आणि डिझेलचे माप संगणक ठरवतो. शक्ती वाढवण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या अनेक इलेक्ट्रॉनिक डब्या रेलचा दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचे भासवून संगणकाला तो वाढवायला लावतात, म्हणजे चक्क फसवतात. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषाच्या) गाड्यांत जादा काजळी थेट एक्झॉस्टमधल्या काजळीच्या फिल्टरमध्ये साचते, आणि मग तो फिल्टरच काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ नुसार गाडीत नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाल्यास विमा कंपनीच्या हाती आयते कारण पडते ते वेगळेच. माझ्या मते या गाड्यांच्या वाटेला जाऊच नये.

शक्ती कमी पडते त्याचे मोठे कारण मात्र हौद्यात असते. दीड टनाच्या गाडीत अडीच टन क्रेट रचल्यावर कोणताही पंप अपुराच पडणार, आणि वाढीव डिझेलने ती घाटमाथ्यावर पोहोचली तरी परतीचा भार घेऊन उतरताना ब्रेक तेवढेच असतात.

आपल्या वृत्तपत्रामार्फत पिकअप मालकांना एकच विनंती आहे. पंपाचे काम करून घेतल्यावर बेंचवरचे आधीचे आणि नंतरचे आकडे मिस्त्रीकडून कागदावर लिहून मागावेत आणि सील आपल्यासमोर पुन्हा लावून घ्यावे. जो आकडे द्यायला कां-कूं करतो, त्याने पंप बेंचवर लावलेलाच नसतो.

आपला,
एक डिझेल पंप मिस्त्री, चिपळूण