ताईच्या सहीबद्दल

चि. अभि,
अनेक आशीर्वाद.

बाबांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसनोंद करायची, तर ताईकडून तिचा वाटा सोडल्याचं हक्कसोडपत्र लिहून घेऊ, असं तू फोनवर म्हणालास. मी तेव्हाच नको म्हटलं. का, ते नीट सांगावं म्हणून लिहिते आहे.

"सगळेच घेतात," हे तुझं म्हणणं खरं आहे. आपल्या वाडीत बहिणींच्या सह्या न घेता झालेली वाटणी मला आठवत नाही. पण १९५६ च्या कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला आणि २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीतही ती जन्मापासून तुझ्या बरोबरीची आहे. कायदा कधीच पुढे गेला, माणसं उंबऱ्याशीच थांबली.

महाडचं चवदार तळं तू पाहिलं आहेस. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा समाजसुधारक सी. के. बोल्यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात १९२३ मध्येच झाला. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केलं. कागदावर! २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्यायले, तेव्हा कुठे त्या ठरावात जीव आला. त्यावर गावाने लोकांना मारलं, तळं 'शुद्ध' करून घेतलं, नगरपालिकेने ठराव मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. त्याच वर्षांत देशभर इंग्रजांकडे स्वराज्य मागणं चाललं होतं. माणूस असाच आहे रे. वरच्याकडून स्वातंत्र्य मागताना त्याला कंठ फुटतो, आपल्या हातातलं द्यायची वेळ आली की रीत आठवते.

अलिबागजवळ चरी गावच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षं शेतं पडीक ठेवली, उपाशी राहिली, पण खोतापुढे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारापुढे, वाकली नाहीत. पुढे खोती गेली, कसणाऱ्यांच्या नावावर जमिनी आल्या. कोकणात तशा जमिनींवरूनही आज भाऊ बहिणींच्या सह्या घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तू म्हणशील, ताई स्वतःच नको म्हणते. म्हणते खरी. पण का म्हणते, ते तिला विचारलंस? सही दिली नाही तर माहेर तुटेल, भाऊ गणपतीला बोलावणार नाही, वहिनी तोंड फिरवेल, ही भीती आपल्याकडच्या प्रत्येक मुलीच्या पोटात असते. तुझं नाव सातबाऱ्यावर लागताना तुला असं काही पणाला लावावं लागत नाही. घाबरून दिलेल्या सहीला मी तिची मर्जी म्हणणार नाही. लग्नात खर्च झाला म्हणतोस, तर तुझ्या शिक्षणालाही झाला. त्याचा हिशेब कोणी मांडला नाही.

उद्या तिला तिच्या वाट्याची आंब्याची कलमं तुलाच द्यावीशी वाटली, तर खुशाल देऊ दे. आधी तिच्या नावावर तर लागू देत.

तलाठ्याकडच्या अर्जात तिघांची नावं घाल: माझं, तुझं, तिचं. बाबांचा मृत्यूचा दाखला कपाटात वरच्या खणात आहे. आणि ताईला फोन तूच कर. माझ्याकडून कळलं, तर तिला वाटेल आईने भांडून मिळवून दिलं.

तुझी,
आई