नोकरी घेते आहे, पण तुमच्या कारणांसाठी नाही

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

इतकी वर्षं एकटीने मुखपृष्ठं आणि चित्रं करत आले, आता नोकरीसाठी स्टुडिओला होकार कळवला. सही व्हायची आहे, पण एक तारखेला रुजू व्हायचं हे ठरलं. बाबा, 'गंगेत घोडं न्हालं एकदाचं' असं तुम्ही म्हणणार, हे मला इथे बसून ऐकू येतंय. फोनवर आपण कुणीच कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून हे पत्र. इतकी वर्षं तुम्ही दोघं जी कारणं सांगत आलात, त्यांतल्या एकाहीसाठी मी ही नोकरी घेत नाहीये.

बाबांचं कारण शाश्वतीचं. तुमच्या वेळी नोकरी लागली की माणूस निवृत्तीलाच बाहेर पडायचा. आता तसं राहिलेलं नाही. आज माझे लहानमोठे सहा-सात क्लायंट आहेत, त्यांतला एक गेला तर एखादा महिना ओढाताणीचा जातो, इतकंच. नोकरी म्हणजे एकच क्लायंट, आणि तो एका महिन्याच्या नोटिशीवर जाऊ शकतो. म्हणून सहा महिन्यांच्या खर्चाचं वेगळं खातं मी पगार सुरू झाल्यावरही मोडणार नाही.

पैशांचं मात्र एकदा नीट सांगते. एका मुखपृष्ठाचे एवढे मिळतात, मग महिनाअखेरीस हात आखडता का, असं तुम्ही नेहमी विचारता. वर्षात शनिवार-रविवार सोडून साधारण 260 दिवस. सणवार, आजारपण, थोडी सुट्टी धरून तीसेक वजा करा, राहिले 230. यातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त कोटेशन देण्यात, मेलांना उत्तरं देण्यात, नवीन काम शोधण्यात आणि झालेल्या कामाचे पैसे मागण्यात जातो. ज्याचं बिल लावता येतं असे दिवस उरतात 145 च्या आसपास. पगारदार माणसाला सुट्ट्या धरून 260 दिवसांचे पैसे मिळतात. म्हणजे त्याच्या वर्षाच्या पगाराएवढं कमवायचं, तर माझा दिवसाचा दर त्याच्या पावणेदोन-पट हवा. कॉम्प्युटर, सॉफ्टवेअरचं भाडं, आरोग्य विमा हे त्यावर वेगळं. शिवाय बिलावर '30 दिवसांत' असं लिहिलेलं असतं, ते आपल्या समाधानासाठी. निम्मी रक्कम आगाऊ घ्यायला लागल्यापासून आणि दोनदाच फुकट बदल करून मिळतील असं आधी लिहून द्यायला लागल्यापासून बरं चाललंय. तोटा नव्हता, आणि यापुढेही झाला नसता.

मग नोकरी कशाला?

मागे एका पुस्तकाचं दोन ओळींचं शीर्षक हाताने काढत होते. वरच्या ओळीतल्या अक्षराचा उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी नेमके एकमेकांत अडकत होते. ओळी लांब केल्या की शीर्षक फाटल्यासारखं दिसायचं, जवळ आणल्या की गुंता. शेवटी अक्षरं थोडी लहान करून टाकली. क्लायंट खूश होता, पैसेही आले. मुलाखतीच्या वेळी स्टुडिओच्या कलासंचालक बाईंनी ते मुखपृष्ठ पाहिलं, पेन्सिल उचलली, वेलांटीची कमान जराशी पुढे ताणली आणि वरचा उकार तिच्यामागच्या मोकळ्या जागेत सोडून दिला. एका मिनिटाचं काम. बोलल्या काहीच नाहीत, पुढचं पान उलटलं.

एकटीने काम करताना हे कुणी सांगत नाही. क्लायंट म्हणतो, 'जरा अजून खुलवा.' त्यातून काय शिकायचं? जे जमतं तेच पुन्हा मागितलं जातं, आणि मी तेच पुन्हा देते, आता झोपेतही देता येईल इतक्या सराईतपणे. मला त्या बाईंच्या शेजारी दोन-तीन वर्षं बसायचं आहे. एवढंच कारण.

याची किंमत आहे, आणि ती आई, थोडी तूही देणार आहेस. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी लॅपटॉप उचलून आले आणि थेंब घालायचे संपेपर्यंत राहिले. कुणाला विचारलं नाही. यापुढे अर्ज करावा लागेल आणि रजा मोजून मिळेल. घरून काम करायची सोय आठवड्यातून एक दिवस मागून घेतली आहे, ती तोंडी नको म्हणून लेखी घेतली.

दुसरी किंमत हक्कांची. आतापर्यंत मी चित्र वापरायला द्यायचे, मालकी माझ्याकडे ठेवून. नोकरीत केलेलं काम बहुतेक ठिकाणी मालकाचं होतं. (बाबा, तुम्हाला कलमं आवडतात म्हणून: कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय बर्न करार 1886 चा, आणि त्यात 1928 मध्ये अशी भर पडली की आर्थिक हक्क विकले तरी 'हे माझं काम' असं सांगायचा हक्क कलाकाराकडे राहतो. प्रत्यक्षात नाव छापून येतं का, हा भाग निराळा.) स्टुडिओच्या कराराच्या मसुद्यात 'नोकरीच्या काळात केलेलं सर्व काम कंपनीचं' असं होतं. सर्व म्हणजे रविवारी घरी बसून काढलेलं चित्रसुद्धा! 'कंपनीसाठी केलेलं काम' अशी दुरुस्ती मागितली, ती मान्य झाली. दोन जुने क्लायंट सांभाळायची परवानगीही घेतली. त्यांतला एक पैसे फार देत नाही, पण काम मनासारखं देतो.

दुरुस्त मसुदा सोबत पाठवते आहे. बाबा, प्रोबेशनमधल्या नोटिशीची मुदत त्यात दोन ठिकाणी आली आहे आणि दोन्हीकडे वेगळी आहे असं मला वाटतंय. तुम्ही आयुष्यभर असले कागद वाचलेत, तेवढं बारकाईने बघा. सही शुक्रवारी करायची आहे, त्याआधी कळवा.

तुमची,
लेक