विंगेतल्या काकाजींना

काकाजी,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरी आणून दिलं असतं तर तुम्ही ते काकूंकडून वाचून घेतलं असतं, "पोट्टा बहकला" म्हणून गादीखाली सारलं असतं आणि विषय संपला असता. म्हणून चारचौघांत लिहून राहिलो. रागावू नका.

झाडीपट्टीचं नाटक आता भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या बाहेरही थोडंफार माहीत झालं आहे. दिवाळी झाली की मंडई म्हणजे गावोगावची जत्रा, कुठे दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, आणि हा हंगाम थेट होळीपर्यंत. २०२३ साली आपल्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा चौकातल्या टपरीवर सगळ्यांच्या चहाचे पैसे तुम्ही दिले होते. पण मी जपून ठेवलेली पाम्प्लेटं काढून पाहिली. हिरो-हिरोइनचे फोटो आहेत, ऑर्गनवाल्याचं नाव आहे, तबल्यावाल्याचं आहे, लाइट-साउंडवाल्याचंही आहे. प्रॉम्प्टरचं एकाही कागदावर नाही. तुम्हाला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं.

ज्यांनी आपलं नाटक पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचा पडदा रात्री दहा-अकराला उघडतो आणि पहाटेपर्यंत खेळ चालतो. मंडळी काल दुसऱ्या गावात जागून आलेली असते, उद्या तिसऱ्या गावात जायची असते. तालमीला वेळ कुठला? काही नटांच्या हाती वही पडते तीच संध्याकाळी. अशा वेळी विंगेत बसून वाक्यं पुरवणारा माणूस नसेल तर पहिला अंकही धड पार पडणार नाही. तो माणूस म्हणजे काकाजी.

आता माझ्याबद्दल. मी तोतरा. शाळेत हजेरी घेताना माझा नंबर जवळ येऊ लागला की घशात गाठ बसायची. शब्द अडला तर दुसरा शब्द शोधायचा, हे मी फार लवकर शिकलो. एसटीत 'देसाईगंज' म्हणता यायचं नाही म्हणून 'वडसा' म्हणायचो. त्या गावाला दोन नावं आहेत याचा माझ्याइतका फायदा जिल्ह्यात कोणी घेतला नसेल. पण स्वतःच्या नावाला दुसरा शब्द नसतो. नाव विचारलं की मी थिजायचो, आणि समोरचा हसून म्हणायचा, "नाव भुललास का गा?"

आईने काय नाही केलं! वेखंड उगाळून जिभेला लावलं, अंगारे आणले, महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या देवाला नवस बोलली. बाबा म्हणत, भित्रा आहे, दुसरं काही नाही. मला स्वतःला हे सगळंच खरं वाटायचं. वाणी सुटली की मग खरं जगायला लागू, तोवर कसंतरी निभवायचं, असं मनाशी धरून मी बी.ए. झालो. आणि हे सगळं असताना वेड होतं ते नाटकाचं! ज्याला 'हजर' म्हणता येत नाही त्याने नट व्हायची स्वप्नं पाहावी, हा विनोद मी कोणालाच सांगितला नव्हता. तुम्हालाही नाही. तरी तुम्ही ओळखलंत, कारण मी नाटक पाहताना रंगमंचाकडे कमी आणि विंगेकडे जास्त पाहायचो, असं तुम्हीच नंतर सांगितलंत.

त्या थंडीत तुमचा घसा पार बसला होता. दुसऱ्या अंकाच्या आधी तुम्ही मला मागे बोलावलंत, वही माझ्या हातात दिलीत, टॉर्च धरलात आणि म्हणालात, "वाच. आवाज नोको काढू, नुसती हवा सोड."

मी वाचलं. अंक संपेपर्यंत वाचलं. एकदाही अडलो नाही.

तुम्हाला तो चमत्कार वाटला नाही, मला वाटला. पुढे नागपुरात एका स्पीच थेरपिस्ट मॅडमनी समजावलं. कुजबुजताना, गाताना, कोणाच्या तरी सोबत एका सुरात वाचताना बहुतेक तोतऱ्या माणसांचं अडखळणं कमी होतं. हा दोष भित्रेपणातून येत नाही. बोलण्याची जुळवाजुळव करणारं मेंदूतलं काम काहींच्यात जरा वेगळं चालतं, पुष्कळदा ते घराण्यात असतं (माझे मोठे मामा!), मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त आढळतं. लहानपणी सुरू झालेलं बऱ्याच पोरांचं आपोआप जातं, काहींचं राहतं. मोठ्या माणसांत शंभरात साधारण एक जण असा असतो. म्हणजे मंडईच्या गर्दीत माझ्यासारखे किती असतील, हिशेब करा. हे सगळं बाबांना सांगायचं होतं, ते तेव्हा नव्हते.

पण आभार कुजबुजीचे नाही मानायचे, काकाजी. ती युक्ती दुसऱ्या कोणाकडूनही कळली असती.

विंगेत तुमच्या शेजारी बसून मी शिकलो ते वेगळं होतं. एका नटाला पहिला शब्द दिला की पुरे, दुसऱ्याला अख्खं वाक्य लागतं, तिसऱ्याला दिलं तर राग येतो. आणि सगळ्यात अवघड म्हणजे नट गप्प झाला की तो विसरला आहे की मुद्दाम थांबला आहे, हे ओळखणं. मुद्दाम थांबलेल्या नटाच्या तोंडात शब्द कोंबला तर प्रसंगाची माती होते. तुम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहतच नव्हता, डोळ्यांकडे पाहायचात. "विसरलेला मानूस बाजूले पायते," तुम्ही म्हणायचात, "थांबलेला समोर पायते."

म्हणूनच असेल. मी अडलो की गावातला प्रत्येक माणूस माझं वाक्य पुरं करायचा. मास्तर, दुकानदार, माझी सख्खी बहीणसुद्धा. प्रेमानेच, पण करायचे. आणि ज्याचा धंदाच दुसऱ्याला पुढचा शब्द पुरवायचा, त्या तुम्ही मला आजवर एकही शब्द पुरवला नाहीत. अंगणात, बाजारात, विंगेत, मी अडलो की तुम्ही नुसते माझ्याकडे पाहत थांबायचात. घाई नाही, कीव नाही.

सोयरिकीच्या वेळी तर तुम्ही कमालच केली. मुलगी पाहायला गेलो, मामा आधीच बजावून होते की तू गप्प राहा, बोलणं आम्ही सांभाळतो. मुलीच्या बापाने तुमच्याकडे पाहून विचारलं, "पोरगा काय करते जी?" तुम्ही पोह्याच्या बशीत पाहू लागलात. मामांनी तोंड उघडलं तर त्यांच्या मांडीवर हात ठेवलात. शेवटी मीच बोललो. धानाची शेती आहे, हंगामात नाटकात प्रॉम्प्टर असतो. एवढं सांगायला इतका वेळ लागला की कपातल्या चहावर साय धरली. मामा घरी येईपर्यंत तुमच्याशी बोलले नाहीत. बायको मात्र अजून म्हणते, "मला तर तुमच्यापेक्षा तुमचे काकाजीच घुमे वाटले होते."

भाऊ पुण्यात कंपनीत आहे, चांगलं चाललं आहे, आनंद आहे. तो दरवर्षी विचारतो, गावात काय ठेवलं आहे? मी इथेच राहिलो ते काही मातीवरच्या प्रेमाने नाही. धानाच्या शेतीत प्रेम करण्यासारखं फार उरलेलं नाही. पऱ्हे टाकले की पाऊस दडी मारतो, रोवणीला मजूर मिळत नाहीत, कापणीला आलं की अवकाळी. राहिलो ते विंगेसाठी. मला अंधारात बसून खेळ चालवायला आवडतं, हे कळलं आणि नट व्हायची इच्छा गेली. लोकांना वाटतं मी मन मारलं. उजेडात यायची ओढ सगळ्यांनाच असते असं त्यांनी का धरून चालावं?

देवाचंही तसंच झालं. पडदा उघडण्याआधी नारळ तुम्ही फोडायचात, पण माझ्या जिभेसाठी नवस करा असं कधी बोलला नाहीत. आईला मात्र म्हणालात, "देवाले समजते याचं बोलनं. लोकायनं थांबाले शिकलं पायजे." मी दर महाशिवरात्रीला अजून मार्कंड्याला जातो. वैनगंगेत हातपाय धुतो, रांगेत लागतो. जिभेचं मागणं बंद केलं. पावसाचं मागतो, तेही देवाने किती ऐकलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. तोतरा आहे, तोतरा राहणार. आता फोनवर सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी अडखळतो, जरा थांबा. निम्मे लोक थांबतात, उरलेले फोन ठेवतात.

एका गोष्टीवर मात्र आपलं जमणार नाही. हल्लीच्या नाटकात डान्स वाढले म्हणून तुम्ही येणंच सोडलंत. डान्स वाढले हे खरं. पण त्याच डान्सला आलेली पोरं दुसऱ्या अंकात बापाच्या मरणाला डोळे पुसताना मी पाहिली आहेत. मोतीबिंदूचं निमित्त सांगू नका, ऑपरेशन झालं आता, थेंब वेळेवर टाका. भाऊबीजेनंतरच्या मंडईला मी गाडी घेऊन येतो, शेजारी खुर्ची टाकतो.

आणि येताना एक सांगा. तुमच्या जुन्या वह्यांमध्ये लाल पेन्सिलीच्या खुणा आहेत. एक रेघ म्हणजे जोरात द्या, दोन रेघा म्हणजे थांबा, एवढं कळतं. पण तिसऱ्या अंकात काही वाक्यांभोवती गोल काढले आहेत आणि वर फुली मारली आहे. ते वाक्य द्यायचं की नाही द्यायचं? हंगाम तोंडावर आला आहे, तीच वही घेऊन बसायचं आहे.

काकूंना नमस्कार.

तुमचा
विंगेतला पोट्टा