सर्व्हरला शिव्या देण्याआधी फॉर्म तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कुठल्याही योजनेची शेवटची तारीख जवळ आली की पेपरात एक बातमी ठरलेली, सर्व्हर डाऊन, सेवा केंद्रावर रांगा. बातमी खोटी नसते. पण मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधे आहे, कंपनी पुण्याची, काम घरून म्हणजे लातूर जिल्ह्यातल्या औशातून, आणि चुलतभावाचं इथंच सेवा केंद्र आहे त्यामुळं दोन्हीकडचं रोज बघायला मिळतं, म्हणून सांगतो की सर्व्हर डाऊनच्या नावाखाली जे खपतं त्यातलं बरंचसं सर्व्हरचं नसतंच. सर्व्हर मस्त चालू असतो, फॉर्मच गंडलेला असतो आणि लाईव्ह करण्याआधी तो आपल्याकडच्या माणसाच्या माहितीनं कुणी भरूनच बघितलेला नसतो.

एक उदाहरण. भावाच्या केंद्रात एका म्हाताऱ्या मावशीचं नाव मराठीत टाकलं, शांताबाई, की लाल अक्षरात मेसेज, नावात फक्त अक्षरे चालतील. परत टाकलं, परत तेच. मावशी म्हणे, "कामून घेईना रे? नाव तं अक्षरातच हाय माझं." बरोबरच होतं त्यांचं. त्यांच्या मागं कमल नावाची बाई होती, तिचं नाव पहिल्या झटक्यात गेलं. गोष्ट अशी की कॉम्प्युटरच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलंत ही 'अक्षरं' नसतात, चिन्हं असतात, त्यांचा गट वेगळा. नियम लिहिणाऱ्यानं फक्त अक्षरांना परवानगी दिली, चिन्हं विसरला. म्हणजे कमल पास आणि शांताबाई, गोविंद, सीता सगळे नापास! हे फॉर्म बनवणाऱ्या ऑफिसात कळलं नाही कारण तिथं टेस्ट करणाऱ्यानं नावाच्या रकान्यात इंग्रजीत टेस्ट टेस्ट असं टाकलं असणार, मोबाईल नंबर सगळे नऊ, सबमिट, हिरवी टिक आली, चला चहाला.

यावर उपाय म्हणजे फॉर्मची तपासणी माणसाऐवजी प्रोग्रॅमकडून करून घ्यायची, ऑटोमेशन. ते काय असतं ते थोडक्यात, कारण लोकांना वाटतं काहीतरी लई महागडं प्रकरण आहे. प्रोग्रॅम स्वतःच ब्राउझर उघडतो, रकान्यात टाईप करतो, ड्रॉपडाऊनच्या यादीतून निवडतो, फोटो जोडतो, बटण दाबतो आणि आलेला मेसेज अपेक्षेप्रमाणं आहे का ते बघतो. सेलेनियम नावाचं टूल २००४ पासून आहे, मायक्रोसॉफ्टचं प्लेराईट २०२० मधे आलं, दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स, म्हणजे आतला कोड कुणालाही बघता येतो. एकदा स्क्रिप्ट, म्हणजे काय काय भरून बघायचं त्याची सूचनावली, लिहिली की फॉर्ममधे एक स्वल्पविराम जरी बदलला तरी अख्खा संच परत चालवता येतो, रात्रीतून शेकडो वेळा वेगवेगळ्या नावांनी, आणि मुद्दा हाच आहे, कारण माणूस चौथ्यांदा तोच फॉर्म भरताना कंटाळतो आणि शेवटच्या दिवशी घाईत केलेला बदल बिनतपासताच जातो, मग कालपर्यंत चालणारा फॉर्म आज सकाळी चालत नाही.

पण स्क्रिप्ट तेच तपासते जे तुम्ही तिला द्याल. तिला टेस्ट टेस्टच दिलं तर ती इमानदारीत शेकडो वेळा टेस्ट टेस्ट भरेल. म्हणून माहिती इथली पाहिजे. ज्ञानेश्वर घ्या. वाचताना चार अक्षरं, कॉम्प्युटर मोजतो दहा, आणि यूटीएफ-८ मधे, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, एका चिन्हाला तीन बाईट धरून लागतात तीस बाईट. डेटाबेसच्या, म्हणजे माहिती साठवतात तिथल्या, रकान्याला पन्नास बाईटची मर्यादा असेल तर मराठीत सोळाच चिन्हं मावतात, नाव आणि वडलांचं नाव म्हटलं की संपलं, पुढचं एकतर कापलं जातं नाहीतर न कळणारी एरर येते. कुऱ्हाडे आडनाव घ्या, त्यातला ऱ्ह दोन पद्धतीनं टाईप होतो, स्क्रीनवर डिट्टो सेम दिसतो पण आतले कोड वेगळे, मग एका कागदावरचं नाव दुसऱ्याशी जुळत नाही म्हणून अर्ज रिजेक्ट, आणि बिचारा माणूस दोन्ही कागद शेजारी धरून फरक शोधत बसतो. मोबाईल नंबर मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकड्यात आला तर? स्क्रीनवरचा फॉर्म चालवणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेतला आकडे ओळखायचा नेहमीचा नियम फक्त इंग्रजी आकडे मानतो, मागं सर्व्हरवर पायथन ही भाषा असेल तर तिच्यातला तसाच नियम देवनागरीही मानतो, म्हणजे स्क्रीन एक बोलते आणि मागचा प्रोग्रॅम दुसरंच.

जन्मतारीख तर विचारूच नका. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावून दिलेली किती माणसं आहेत आपल्याकडं, गावोगाव! नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली की 'आपण आधीच अर्ज केला आहे' म्हणणारा फॉर्म इथं चालूच शकत नाही, एकाच गावात दोन-तीन माणसं तशी सापडतील. हे पुण्या-मुंबईत बसून फॉर्म बनवणाऱ्यांच्या डोक्यात येणार नाही, त्यात त्यांची चूक नाही, विचारायला तरी पाहिजे की नाही?

जिल्ह्यांचंही तसंच. २०२३ मधे उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, पण जुनी प्रमाणपत्रं जुन्या नावाचीच आहेत. लातूर १९८२ ला वेगळा जिल्हा झाला, हिंगोली १९९९ ला परभणीतून निघाला, म्हणजे जन्माच्या वेळचा जिल्हा आणि आजचा जिल्हा वेगळा असलेली माणसं भरपूर. आणि फॉर्ममधे निवडलेला जिल्हा बदलला तरी खाली आधीचाच तालुका अडकून राहतो, जिल्हा नांदेड तालुका औसा, आणि फॉर्म ते निमूट घेतो! ही टेस्ट पाच-सहा ओळींची आहे हो.

शेतीच्या फॉर्ममधे क्षेत्राचा रकाना. सातबाऱ्यावर १.०५ म्हणजे एक हेक्टर पाच आर (आर म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग), घाईत कुणी १.५ टाकलं की पाच आरचे झाले पन्नास आर, एकराहून जास्त जमीन हवेत वाढली. गटाचं, म्हणजे त्या जमिनीच्या तुकड्याचं, क्षेत्र ज्या फॉर्मला आधीच माहीत असतं त्यानं तिथंच अडवायला पाहिजे. मग टेस्टमधे बरोबर तेवढं, एक आर जास्त, एक आर कमी, शून्य, असं टाकून बघायचं, आमच्या धंद्यात याला बाऊंड्री तपासणं म्हणतात. फोटोचंही तेच, ५० केबी म्हणजे ५०,००० बाईट की ५१,२०० हे पेजवर एक आणि सर्व्हरवर एक असेल तर मधल्या साईजचे फोटो उगाच रिजेक्ट होतात.

नेट स्लो असताना माणूस सबमिट दोनदा दाबतो, अर्ज दोन जातात, कधी पैसेही दोनदा कटतात. स्लो नेट, तुटलेलं नेट हे सगळं टेस्टमधे मुद्दाम आणता येतं.

शेवटच्या दिवशी लाखो लोक एकदम आल्यावर जे होतं ते मात्र खरंच सर्व्हरचं दुखणं, त्याची लोड टेस्ट वेगळी असते, ती या स्क्रिप्टनं भागत नाही. आणि मेसेजची भाषा मावशीला कळते का हे मशीन सांगू शकत नाही, त्याला केंद्रावर येऊन शेजारी बसावंच लागतं.

मागणी अशी आहे की फॉर्म बनवायचं टेंडर निघतं तेव्हाच त्यात लिहा, कोडसोबत ऑटोमेटेड टेस्टही द्यायच्या आणि प्रत्येक बदलानंतर त्या चालवल्याशिवाय फॉर्म लाईव्ह करायचा नाही. कॅप्चा आणि ओटीपीचं कारण सांगतील, तर टेस्टिंगच्या कॉपीत ते बंद ठेवता येतात, सगळेच ठेवतात. इंजिनिअरिंगच्या पोरांनी मात्र हे वाचून चालू साईटवर स्क्रिप्ट सोडू नये, आधीच रांग आहे, त्यात खोटे अर्ज नकोत. आणि आपल्या वार्ताहरांनी पुढच्या वेळी सर्व्हर डाऊनची बातमी करताना संबंधित ऑफिसला एवढं विचारावं की शेवटचा बदल कधी केला आणि त्यानंतर टेस्ट चालवली होती का.

मराठवाड्यातली नावं, आडनावं, गट नंबर, १ जूनवाल्या तारखा अशी खोट्या माणसांची पण खऱ्या वळणाची टेस्ट फाईल मी करायला घेतली आहे, कुणा ऑफिसला पाहिजे असेल तर आपल्यामार्फत कळवा, पैसे नकोत.

आपला वाचक,
एक टेस्टर, औसा, जि. लातूर