बाबांच्या मेलबद्दल

सिंगापूर

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुमचं जीमेलचं खातं उघडत नाहीये, आणि काल फोनवर तुमचा आवाज फार उतरलेला होता. "इतक्या वर्षांचं सगळं गेलं," असं तुम्ही म्हणालात ते रात्रभर डोक्यात राहिलं. फोनवर समजावायला गेलं की रेंज जाते आणि सगळं अर्धवट राहतं, म्हणून नीट लिहून आईच्या व्हॉट्सअॅपवर पाठवते आहे. आई, तू हे मोठ्याने वाच आणि बाबांना लॅपटॉपसमोर बसू दे.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. मेल गेलेला नाही. गूगल खातं पुसून टाकतं ते दोन वर्षं कुणीच वापरलं नाही तर, आणि तुम्ही तर गेल्या आठवड्यापर्यंत रोज मेल बघत होतात. सगळं जागच्या जागी आहे. फक्त आत येणारा माणूस तुम्हीच आहात याची गूगलला खात्री पटत नाहीये.

खात्री करायला गूगल फोनवर पाठवतं तो कोड का येत नाही तेही सांगते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, त्यात तुमचा फोन गेला आणि नंतर तुम्ही नवा नंबर घेतलात. जीमेलमध्ये मात्र अजून तो जुनाच नंबर आहे. त्या दिवसांत चिखल उपसायचा की जीमेलचा नंबर बदलायचा? तुमचं यात काही चुकलेलं नाही. मात्र बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कुणालाही देऊ शकते. म्हणजे आज तो कुणा अनोळखी माणसाच्या हातात असू शकतो. म्हणून "कोड पाठवा" हे बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. आणि त्या नंबरवर फोन लावून कोड विचारायचं तुम्ही म्हणत होतात, तेही नको. तुमच्या खात्याची किल्ली परक्या माणसाच्या हातात जाईल.

"तूच तिकडून करून टाक," असं तुम्ही म्हणालात. बाबा, माझ्या हातात असतं तर कालच केलं असतं. पण मी इथे सिंगापुरात, माझ्या कॉम्प्युटरवरून, तुमचं खातं उघडायला गेले तर गूगलला ती चोरीच वाटेल. ते बघतं की हे यंत्र ओळखीचं आहे का, नेहमीचाच ब्राउझर आहे का, नेहमीच्याच जागेवरून कुणी येतंय का. चिपळूणचं घर, तिथलं वाय-फाय आणि माडीवरचा तुमचा लॅपटॉप हीच तुमची सगळ्यात भक्कम ओळख आहे. त्यामुळे हे काम तुम्हीच करू शकता, आणि तिथूनच. नव्या फोनवरून प्रयत्न करू नका, तो गूगलला अजून अनोळखी आहे.

आई, आता नवा फोन आला तेव्हा बाबांचा त्याआधीचा, पुरानंतर घेतलेला फोन तू कपाटात ठेवलास ना? तो कुणाला देऊ नकोस आणि त्यातलं काही पुसू नकोस. चार्जिंगला लाव आणि वाय-फायला जोड. सिम नसलं तरी चालेल. त्यात जीमेल अजून उघडं असेल तर काम फार सोपं होईल: लॅपटॉपवरून प्रयत्न करताना त्या फोनवर "तुम्हीच आहात का?" असं येईल आणि "होय" म्हटलं की झालं. पण आपण स्वतः प्रयत्न करत असू तेव्हाच "होय" म्हणायचं. एरवी कधीही असं काही आलं तर "नाही".

पासवर्डसाठी आधी लॅपटॉपच्या क्रोममध्ये बघा. वर उजवीकडे तीन ठिपके आहेत, तिथून सेटिंग्जमध्ये गेलात की जतन केलेले पासवर्ड दिसतात. लॅपटॉप स्वतःचा पिन विचारेल, तो आईला पाठ आहे. तिथे नाही सापडला तर आईची हिशेबाची वही काढा, तिच्या मागच्या पानांवर तुम्ही असले आकडे लिहिता. टाइप करताना डोळ्याच्या चित्रावर टिचकी मारा, म्हणजे अक्षरं दिसतील आणि कळफलक मराठीवर राहिला असेल तर लगेच लक्षात येईल.

एवढं करूनही नाही जमलं तर "पासवर्ड विसरलात?" यावर जा. आठवतो तो शेवटचा पासवर्ड विचारतील. नक्की आठवत नसला तरी जवळचा वाटेल तो लिहा, जागा मोकळी सोडू नका. संपर्कासाठी दुसरा ईमेल विचारला तर माझा द्या, मी इथे स्पॅमसुद्धा बघत राहीन. "खात्री करता आली नाही" असं आलं तर घाबरू नका, पण लगोलग परत करू नका. फार प्रयत्न झाले की तेच थांबवतात आणि मग काही तास वाट बघावी लागते. कधी कधी उत्तर यायलाच काही दिवस लागतात. तेवढे जाऊ द्या. पेन्शन बँकेत जमा होते, तिचा मेलशी संबंध नाही, आणि बँकेचे मेसेज तुमच्या नव्या नंबरवर येतच आहेत.

आता जे सांगते ते कृपया दोघांनीही ऐका. शेजारच्या काकांनी इंटरनेटवरून काढून दिलेला "जीमेल कस्टमर केअर"चा नंबर फाडून टाका. फोन करून खातं उघडून देणारी अशी सेवा गूगलची नाही, आणि पैसे घेऊन खातं परत मिळवून देतो म्हणणाऱ्यांशी गूगलचा काहीही संबंध नसतो. असा माणूस गोड बोलतो, एनीडेस्कसारखं एखादं अॅप टाकायला लावतो आणि मग तुमची स्क्रीन त्याला दिसायला लागते. पुढचा ओटीपी बँकेचा असतो. मला मेलपेक्षा याचीच जास्त भीती वाटते. आधीच कुणाशी बोलणं झालं असेल आणि पैसे गेल्याचं दिसलं, तर माझ्या फोनची वाट न बघता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा आणि बँकेला कळवा. मी रागावणार नाही. फक्त लपवू नका.

आणि बाबा, फोटोंचं. पुरात अल्बम भिजले, आजीचे, तुमच्या लग्नातले, त्याआधी तुम्ही एकेक स्कॅन करून मला पाठवले होते. ते सगळे माझ्या मेलमध्ये आहेत. काल रात्रीच उघडून बघितले. तुमचं खातं कधीच उघडलं नाही तरी ते फोटो कुठे जात नाहीत.

खातं उघडलं की सगळ्यात आधी नंबर बदलून नवा घाला आणि रिकव्हरी ईमेल म्हणून माझा द्या. मग टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खात्री, सुरू करू, तेव्हा फोन हाताशी नसताना वापरायचे आठ आकड्यांचे दहा कोड मिळतात. ते छापून पॉलिसीच्या कागदांबरोबर ठेवायचे, एक कोड एकदाच चालतो. पण हे सगळं आपण व्हिडिओ कॉलवर मिळून करू, एकट्याने घाई नको.

शनिवारी तुमच्या सकाळच्या चहानंतर फोन करते. तोपर्यंत आई, तू तेवढा फोन चार्ज करून ठेव आणि वही शोधून ठेव. बाबा, बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
मनू