मेंडेलचा तास माझा, डार्विनचा दुसऱ्याचा

महोदय,

कालच्या अंकातला 'चर्चने अखेर डार्विनला स्वीकारले' हा लेख दोनदा वाचला, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. सवय जात नाही. लेखकाची भाषा चांगली आहे, त्याबद्दल पैकीच्या पैकी. पेन्सिलीचं टोक मोडलं ते त्या 'अखेर'खाली रेघ मारताना.

अखेर म्हणजे नक्की कधी हो? पोप पायस बारावे यांचं 'ह्युमानी जेनेरिस' हे परिपत्रक १२ ऑगस्ट १९५० चं आहे. माणसाचं शरीर आधीच्या सजीवांपासून घडलं का, यावर जाणकारांनी अभ्यास करावा, वाद घालावा, त्याला मनाई नाही. आत्मा मात्र देव थेट निर्माण करतो, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे तर म्हणाले की उत्क्रांती आता निव्वळ गृहीतकापेक्षा जास्त आहे. पण बातमीदारांसाठी ही दर वेळी ताजी बातमी. डार्विनचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हे पुस्तक रोमच्या निषिद्ध पुस्तकांच्या यादीत कधीही नव्हतं, हेही लेखात नाही. उत्क्रांतीला पाठिंबा देणाऱ्या काव्हेर्नी या इटालियन धर्मगुरूचं पुस्तक १८७८ मध्ये त्या यादीत गेलं, ते मी सांगून टाकते, कारण आम्हा कॅथलिकांचं सगळंच गोमटं होतं असा माझा दावा नाही.

आणि जग सहा हजार वर्षांचं, हेही लेखाने आमच्याच नावावर घातलं! जगाच्या निर्मितीचं इसवी सनापूर्वी ४००४ हे साल काढलं आयर्लंडच्या अँग्लिकन आर्चबिशप जेम्स अशर यांनी, सतराव्या शतकात. त्यांना रोमचं वावडं होतं. त्यांची उधारी आमच्या खात्यावर कशाला? आमच्या नाताळच्या घोषणेत जगाच्या निर्मितीपासून ख्रिस्तजन्मापर्यंत ५१९९ वर्षं, असं शतकानुशतकं वाचत असत हे खरं, पण त्यावर विश्वास ठेवलाच पाहिजे असा सिद्धांत कुणी केला नव्हता. आता तिथे 'अगणित शतकं' म्हणतात.

मला एवढा राग का आला, ते सांगते. मी जन्माने आणि श्रद्धेनेही कॅथलिक, आणि आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. एका वर्षी स्टाफरूमच्या फळ्यावर वेळापत्रक लागलं, तर उत्क्रांतीच्या धड्यापुढचं माझं नाव खोडून दुसऱ्या सरांचं घातलेलं. मुख्याध्यापकांकडे गेले. ते अगदी प्रेमाने म्हणाले, "बाई, तुमच्या धर्मात हे बसत नाही ना, तुम्हाला उगाच अवघडल्यासारखं नको." भांडायला आलेल्या माणसाने एवढ्या मायेपुढे काय बोलावं? आनुवंशिकता मात्र माझ्याकडेच राहिली. म्हणजे मेंडेल माझा! पुढे मठाधिपती झालेला ऑगस्टिनियन संन्यासी, मठाच्या बागेत वाटाणे लावून मोजणारा. पुस्तकातल्या फोटोत त्याच्या छातीवर चांगला ठसठशीत क्रूस आहे, तो साहेबांना दिसला नसावा. "बाई, हा धडा तुम्ही का नाही घेत?" असं एका मुलीने विचारलं, तेव्हा मी 'वेळापत्रक' म्हणाले. ते उत्तर अजून टोचतं.

आमच्यातलेही काही कमी नाहीत. एक ओळखीचे गृहस्थ चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, संपली की मला गाठतात आणि आदाम थेट मातीचाच, म्हणून रोमच्या बायबल आयोगाच्या १९०९ च्या निर्णयाचा दाखला देतात. त्याच आयोगाने बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकातला 'दिवस' म्हणजे एखादा कालखंड असंही मानायला मोकळीक दिली होती, ते पान मात्र ते उलटत नाहीत. बायबलच्या नावाने चंद्रताऱ्यांबद्दल बरळणाऱ्या ख्रिस्ती माणसामुळे लोक बायबललाच हसतात, म्हणून संत ऑगस्टीन सोळाशे वर्षांपूर्वी चिडले होते. ते आमच्या चर्चच्या पायऱ्यांवर यायला हवे होते.

खरी अडचण कुठे आहे ते तुमच्या लेखकाला दिसलंच नाही. पायस बारावे यांनी शरीराबद्दल मोकळीक दिली, पण सगळी माणसं एका आदामाची नाहीत असं मानायला दिली नाही, कारण मग आदिपाप, म्हणजे आदामाचं वारशाने येणारं पाप, सगळ्यांकडे आलं कसं? जनुकशास्त्र मात्र पूर्वज हजारोंनी होते म्हणतं. इथे धर्मपंडित अजून घाम गाळताहेत, आणि माझ्याकडेही उत्तर नाही. यावर लिहा की! छापता काय, तर माकडापासून माणसापर्यंतची ती पाच जणांची रांग.

जाता जाता. माझं मागचं पत्र तुम्ही छापलंत, आभार. त्यात परिपत्रकाचं साल १५९० असं आलं होतं, म्हणजे डार्विनच्या जन्माआधी २१९ वर्षं. शुद्धिपत्रासाठी दोनदा लिहिलं, उत्तर नाही. जावई अजून हसतात. म्हणून या वेळी अक्षरीही लिहिते: एकोणीसशे पन्नास.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका